जुन्या भिंतीचा गिलावा पुन्हा पुन्हा का पडतो, आणि तो थांबवायचा कसा

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. जुनं दगडी किंवा विटांचं घर, रुंद भिंती, तळमजला. जमिनीपासून कंबरेच्या उंचीपर्यंत रंगाला फुगे येतात, मग पोपडे सुटतात, त्यांच्यामागे पांढरी भुकटी दिसते आणि पुढे गिलाव्याचे तुकडेच खाली यायला लागतात. मालक मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री सुटलेला भाग खरवडतो, सिमेंटचा नवा गिलावा मारतो, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर घालतो आणि वर चांगला जाड रंग देतो. काही काळ भिंत सुरेख दिसते. मग डाग परत येतो, आणि या वेळी आधीपेक्षा हातभर उंच.

तो वाढलेला हातभरच सगळं सांगतो. भिंतीत पाणी पूर्वीइतकंच येतंय, पण त्याची बाहेर पडायची वाट आपण बुजवली. खालचा पृष्ठभाग बंद झाला म्हणून पाणी आणखी वर चढलं आणि सिमेंट जिथे संपलं तिथे बाहेर आलं. गिलावा कच्चा होता म्हणून पडला असं धरून आपण दर खेपेला त्याहून पक्का गिलावा मारतो आणि दर खेपेला भिंतीचं नुकसान वाढवतो. जुन्या भिंतीवरचा गिलावा तिच्यापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असायला हवा, आणि त्याला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते सापडायला हवं. या दोन गोष्टींचा क्रम उलटला की पैसे गेलेच म्हणून समजा.

ही भिंत बांधली कशी होती

जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं ते 1824 साली. हा माल सर्रास वापरात यायला त्यानंतरही बरीच दशकं गेली. त्याआधीची, आणि त्यानंतरचीही पुष्कळ घरं चुन्यात किंवा मातीत बांधलेली आहेत. भिंतीला बाहेरून आणि आतून घडीव दगडांचा किंवा विटांचा एकेक थर, मधे गोटे, तुकडे आणि चुन्याची भर. पाणी अडवणारा थर जोत्यात नाही, भिंतीच्या पोटात पोकळी नाही. पाणी आत येणार हे गृहीत धरलेलं असतं. ते येतं, थोडा काळ मुरतं आणि वाफ होऊन निघून जातं.

या व्यवस्थेत सर्वात मोलाचं काम दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, करतात. दरजांमधला चुना दगडापेक्षा किंवा विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून वाफ मुख्यतः तिथून निघते आणि पाण्याबरोबर आलेले क्षारही तिथेच साठतात. झिजतो तो चुना. काही दशकांनी दरजा खरवडून पुन्हा भरल्या की भिंत पहिल्यासारखी. दगड शाबूत राहावा म्हणून चुन्याने झिजायचं, अशी ती मुद्दाम केलेली योजना आहे.

याच दरजा सिमेंटने भरल्या की काम उलटं होतं. सिमेंटच्या दरजेतून वाफ निघत नाही, ती विटेतून निघते आणि क्षार विटेच्या पोटात साठतात. काही वर्षांनी विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो, वीट आत आत झिजत जाते आणि सिमेंटच्या दरजांची चौकट तेवढी पुढे उभी राहते. असं दृश्य कुठे दिसलं तर निदान तिथल्या तिथे झालं. शिवाय जुनी भिंत ऋतुमानाप्रमाणे किंचित हलत असते. चुना ते सहन करतो, सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत खेचलं जातं आणि बाहेरची वाट बंद असल्याने आतच कोंडून राहतं.

मजबूत म्हणजे चांगलं, या समजुतीचा फटका फार मोठ्या वास्तूंनाही बसलेला आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनचे दगड मूळ बांधणाऱ्यांनी लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण लोखंडाला पाणी लागू नये म्हणून त्याभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली जी दुरुस्ती झाली तिच्यात उघडं लोखंड वापरलं गेलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. नंतरच्या पिढीला ते लोखंड काढून टायटॅनियम बसवावं लागलं, आणि ते काम कित्येक दशकं चालू राहिलं. आपली कंबरेएवढी ओली भिंत पार्थेनॉन नाही, पण चूक त्याच जातीची आहे.

पडलेला तुकडा उलटा करून बघा

मिस्त्रीला फोन करण्याआधी गिलाव्याचा पडलेला तुकडा उचला, उजेडात न्या आणि त्याची पाठ बघा. पाठीला विटेचा लालसर पापुद्रा किंवा दगडाची कपची चिकटून आली असेल, तर गिलावा भिंतीपेक्षा पक्का होता आणि पडताना त्याने भिंतीचं अंग सोबत आणलं. पाठीवर पांढरे, लवेसारखे मऊ स्फटिक असतील आणि बोटाने पुसले जात असतील, तर गिलाव्याच्या मागे लोणा साठला आणि त्याने गिलावा ढकलून दिला. पाठ गुळगुळीत, करडी आणि हाताला गार-ओलसर लागत असेल, तर मागे पाणी कोंडलेलं आहे.

लोणा म्हणजे पाण्यात विरघळून आलेले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. सोडियम सल्फेट हा त्यातला सर्वात दांडगा. कोरड्या स्थितीतून तो पाणी शोषून स्फटिक बनतो तेव्हा एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू घेतो आणि त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. विटेच्या बारीक छिद्रांत असं एकदा नाही, हवा कोरडी-दमट होईल तितक्या वेळा घडतं. सिमेंटमध्येच विरघळणारे काही क्षार असतात, त्यामुळे दुरुस्तीचा मालही लोण्यात भर घालतो.

काही क्षार दिसत नाहीत, पण त्रास देतात. साध्या मिठाने ग्रासलेली भिंत हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढायला लागते. जनावरांचं मूत, सांडपाणी किंवा खत जिथे जमिनीत मुरलंय तिथून येणारे नायट्रेट त्याहून कमी आर्द्रतेतही हेच करतात. भिंतीवरचा काळपट डाग दमट दिवसांत उमटतो आणि कोरड्या दिवसांत नाहीसा होतो, पण वर पांढरं काही दिसत नाही, असं असेल तर बहुधा हेच. पाण्याचा मूळ स्रोत बंद केल्यावरही असा डाग राहतो. काम फसलं असं समजून लोक इथे पुन्हा तोडफोड काढतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

ओल नेमकी कसली

एक प्रश्न सर्वांत आधी विचारायचा: त्रास सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं? बाहेर काँक्रीटचा ओटा केला? भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला? आत जुनी जमीन काढून प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर काँक्रीट, त्यावर टाइल्स बसवल्या? हा शेवटचा बदल फार वेळा कारण ठरतो. जमिनीतली जी वाफ सगळ्या खोलीभर पसरून निघत होती तिला आता एकच वाट उरते, ती म्हणजे भिंत.

जमिनीतून चढणारी ओल दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी चढते. तिची खूण म्हणजे भिंतीच्या लांबीभर साधारण एकाच पातळीवर जाणारा पट्टा, खाली जास्त ओला, वर जाताना कमी. उघड्या भिंतीत ती सहसा एखाद मीटर चढते, दीडच्या वर क्वचितच, कारण चढता चढता तिची वाफही होत असते. दोन मीटरवर डाग असेल तर एक तर भिंत दोन्ही बाजूंनी सिमेंटने बंद आहे, नाहीतर पाणी वरून येतंय.

वरून येणारं पाणी हे माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण आहे. जमिनीची ओल म्हणून ज्या भिंतींवर भरपूर खर्च होतो त्यातल्या कित्येकींचं दुखणं पन्हळीत असतं. जोरात पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कोरड्या दिवशी तासभर शोधून जे दिसत नाही ते दहा मिनिटांत दिसतं: पन्हळ कुठे भरून वाहते, खाली येणारा पाईप भिंतीच्या बाजूने कुठे फाटलाय, वळचणीचं पाणी नेमकं कुठे पडून उडतं, खिडकीखालच्या दगडावरून ओघळ भिंतीला कुठे चिकटतो. ओतीव लोखंडाचा पाईप मागच्या बाजूने फुटतो, कारण तिकडे रंगाचा ब्रश पोचत नाही. पाईपमागे छोटा आरसा धरून बघा.

नळाच्या गळतीला ऋतू नसतो. डाग बारमाही आणि एकाच ठिकाणी असेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा.

राहिली हवेतली ओल. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर सुमारे 26 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. जाड भिंत तापायला वेळ घेते, त्यामुळे बाहेर हवा उबदार-दमट झाली तरी तळमजल्याची भिंत अजून गार असते. अशा दिवशी हवा खेळावी म्हणून खिडक्या सताड उघडल्या तर ओल वाढते. खात्री करायची असेल तर हातभर लांबी-रुंदीचा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडा टेपने नीट बंद करून भिंतीवर लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल हवेतली, फॉइलच्या मागे आले तर भिंतीतली. दोन्हीकडे आले तर दोन्ही, आणि जुन्या घरात असंही होतं.

मीटरबद्दल सावध राहा. दोन टोकदार पिनांचं जे यंत्र भिंतीला टोचून आकडा दाखवतात ते विजेचा रोध मोजतं आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. लाकडात ते उत्तम चालतं. क्षार असलेली भिंत पूर्ण कोरडी असली तरी ते जोरात ओरडतं. एवढ्याच पुराव्यावर कुणी भिंतीत भोकं पाडून ओल अडवणारी रसायनं भरायचं काम सुचवत असेल तर होकार देऊ नका. खरा आकडा हवा असेल तर भिंतीला वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर भोकं पाडून भुकटी काढायची, तिचं वजन करायचं, 105 अंशांवर वाळवून पुन्हा वजन करायचं. कॅल्शियम कार्बाइडच्या बाटलीतली चाचणी हेच काम जागेवर करते: भुकटीतलं पाणी कार्बाइडशी मिळून वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओल कळते. खाली जास्त, वर कमी असा उतरता क्रम आला तरच जमिनीची ओल म्हणायची. पृष्ठभागाशी जास्त आणि आत कोरडं आलं तर दव किंवा क्षार.

पाणी आधी, गिलावा नंतर

पन्हळी, पाईप, छपराचे सांधे, भिंतीचा माथा हे सगळं दुरुस्त करा. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही, फक्त टाळू नका.

जमिनीच्या पातळीवर मात्र थोडं थांबतो, कारण खरं दुखणं अनेकदा इथेच असतं. घराबाहेरची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वर येत जाते. रस्ता चढतो, फरशीवर फरशी बसते, बागेत माती पडते. दाराशी पूर्वी तीन पायऱ्या होत्या तिथे आता एक आणि अर्धी उरलेली असते. जोत्यातली हवेची भोकं अर्धी गाडलेली दिसतात. जोतं बुजलं की भिंत थेट ओल्या मातीत उभी राहते, आणि घरात कितीही उपाय केले तरी ते पाणी येतच राहतं. बाहेरची पातळी आतल्या जमिनीपेक्षा किमान 150 मिलिमीटर खाली हवी, जास्त मिळाली तर उत्तम. भिंतीला टेकलेलं काँक्रीट निदान 300 मिलिमीटर रुंदीने तोडून तिथे खडी भरा, म्हणजे पाऊस उडून भिंतीवर येणार नाही आणि जमिनीला वाफ सोडायला जागा मिळेल. त्यापुढची जमीन घरापासून दूर उतरती करा, मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार पुरतो.

खडीचा चर आणि छिद्रांचा पाईप घालून पाणी वळवायचं असेल तर चर भिंतीपासून थोडा लांब घ्या आणि पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका. जुन्या घरांचे पाये आपल्याला वाटतात त्याहून उथळ असतात. पायालगत खोदून भिंत खचवल्यावर ओल ही लहान अडचण वाटायला लागते. इथे जुन्या बांधकामाची जाण असलेला इंजिनीअर बोलवा.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याबद्दल: एकसंध विटांच्या पातळ भिंतीत त्याचा काही उपयोग होऊ शकतो. पोटात गोटे आणि पोकळ्या असलेल्या दीड-दोन फुटी भिंतीत ते सलग पसरत नाही. या कामासोबत वर सिमेंटचा जलरोधक गिलावा हमखास दिला जातो, त्यामुळे ओल थांबल्यासारखी दिसते. ती गिलाव्यामागे असते.

आता थांबायचं. हा भाग सर्वांत कठीण, कारण उघडी भिंत बघवत नाही. सिमेंटचा गिलावा काढून टाका आणि भिंत तशीच उघडी ठेवा. साधारण हिशेब असा की एका बाजूने महिन्याला 25 मिलिमीटर जाडी वाळते. 450 मिलिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर नऊ महिने, एकच बाजू मोकळी असेल तर त्याच्या दुप्पट. घाई करून मोठे हीटर लावू नका. क्षार एकदम पृष्ठभागाकडे धावतात, आणि भिंतीत अडकलेल्या तुळयांच्या टोकांना तडे जातात. या काळात जो लोणा बाहेर येईल तो कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जाईल.

भिंत उघडी आहे तोवर तुळयांची टोकं बघून घ्या. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशीला वाव मिळतो. टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर ते काम गिलाव्याच्या आधी करायचं.

सिमेंट काढताना ग्राइंडर वापरू नका, तो विटेच्या कडा खातो. अरुंद छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. आधी कोपऱ्यातल्या हातभर जागेवर करून बघा. सिमेंट दगडाला इतकं चिकटलं असेल की काढताना दगडच फुटतोय, तर तिथे ते राहू द्या आणि आजूबाजूला जितकं सुटेल तितकंच काढा. दरजा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायच्या, निदान 25 मिलिमीटर.

दगड छान दिसतोय म्हणून तो तसाच उघडा ठेवायचा मोह पुष्कळांना होतो. गोट्यांच्या, ओबडधोबड दगडांच्या भिंती उघड्या राहण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या, त्यांचा गिलावा हा त्यांचा संरक्षक थर होता. 1877 साली विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती अशाच खरवडण्याच्या विरोधात. संस्थेचं टोपणनावच 'अँटी-स्क्रेप' पडलं.

चुन्याचं काम

चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे असल्याशिवाय जवळ उभं राहायचं नाही. चुन्याने डोळा जातो. विरवलेला चुना पाण्याखाली निदान तीन महिने मुरू द्या. मुरलेला चुना लोण्यासारखा एकजीव होतो आणि थापीवरून घसरत नाही.

वाळू धुतलेली, खरखरीत, लहान-मोठ्या कणांची हवी. चांगल्या वाळूत सुमारे एक तृतीयांश जागा रिकामी असते, ती चुन्याने भरायची, म्हणून एकास तीन. चुना वाढवला तर भेगा पडतात. पहिल्या थरात केस किंवा बारीक वनस्पती-धागे घातले तर आणखी बरं.

साधा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, फार हळू, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. उघड्या, पाऊस लागणाऱ्या भिंतीला सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घाला किंवा हायड्रॉलिक चुना वापरा, जो पाण्यातही घट्ट होतो. नैसर्गिक हायड्रॉलिक चुन्याच्या युरोपीय मानकात 2, 3.5 आणि 5 असे वर्ग आहेत. आतल्या मऊ विटांच्या भिंतीला 2, बाहेरच्या भिंतीला 3.5 पुरे. 5 नंबरचा माल फरसबंदीला किंवा भिंतीच्या माथ्याला ठेवा. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं समजून मिस्त्री तोच आणतो, त्याला आधीच सांगून ठेवा. 'जरासं सिमेंट घालू, लवकर सेट होईल' हे वाक्यही येणारच. नाही म्हणायचं. ओलीसाठी केलेल्या सगळ्या कामावर ते जरासं सिमेंट पाणी फिरवतं.

थर दहा मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आधी भिंत पाण्याने नीट भिजवून घ्या, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते. पुढचा थर कधी द्यायचा ते अंगठ्याला विचारा: अंगठा दाबून खड्डा पडत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, ती वेळ. त्याआधी घाई केली तर थर घसरतो, फार उशीर केला तर वरचा थर धरत नाही. गोणपाट ओलं करून वर टांगा, ऊन आणि वारा अडवा, रात्री तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका.

रंग चुन्याच्या सफेदीचा, दुधासारखा पातळ, चार-पाच हात. एकच जाड हात दिला तर तो पावडर होऊन उडतो. टिकाऊपणा जास्त हवा असेल तर सिलिकेट रंग आहे, तोही वाफ जाऊ देतो. प्लॅस्टिक इमल्शन दिलात तर इथवरचं सगळं काम वाया, कारण पाण्याची वाट पुन्हा बंद झाली.

जुन्या वळणाचं नवं घर

हाच प्रश्न नव्या घरांत वेगळ्या रूपात येतो. चेहरा जुन्या घराचा घेतला जातो, उतरतं छप्पर, दगडी जोतं, कमानी, पण ज्या कारणाने ते तसं होतं ते कारण गळून पडतं. वळचण दोन फूट बाहेर यायची ती सहा इंचांवर येते, कारण चित्रात तशी नीट दिसते. मग पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीवर उतरतं. खिडकीखालचा दगड भिंतीच्या बरोबरीने बसवला जातो, आणि दोन्ही कोपऱ्यांखाली काळे ओघळ पडायला लागतात. तो दगड 40-50 मिलिमीटर बाहेर काढा आणि त्याच्या पोटाला कडेजवळ एक बोटभर खाच घ्या, म्हणजे पाणी मागे न वळता तिथेच तुटून पडेल. जुन्या खिडकीखाली हात घालून बघितलात तर ती खाच बोटांना लागते.

जोत्याला फक्त दगडी चकत्या चिकटवल्या असतील तर त्यांच्या मागे पाणी साठतं, आणि चकत्या सुटायला लागतात. पैसे मोजकेच असतील तर खोट्या दगडापेक्षा साधं, उंच, गिलावा केलेलं जोतं बांधा. ते सुंदर दिसतं आणि खरं असतं. नव्या भिंतीत पाणी अडवणारा थर जमिनीच्या निदान 150 मिलिमीटर वर द्यायचाच, तिथे जुन्याची नक्कल करायची गरज नाही. आणि आराखड्यात असताना एक प्रश्न विचारा: शिडी लावून पन्हळ साफ करता येईल का? येत नसेल तर ती कुणीच साफ करणार नाही.

सगळं करूनही पोपडे सुटले तर

आधी वर्षाच्या आत लोणा परत आला म्हणून घाबरू नका. पहिला चुन्याचा गिलावा भिंतीत उरलेले क्षार ओढून घेतो, ते त्याचं कामच आहे. तो भरला की काढून टाका आणि दुसरा करा. भिंतीचा पापुद्रा जाण्यापेक्षा गिलावा गेलेला परवडतो. मौल्यवान भिंत असेल, चित्रं किंवा कोरीव काम असेल, तर कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून थापतात आणि वाळला की क्षारांसकट काढतात. हे जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

लोणा नाही, पण गिलावा हाताला भुकटीसारखा लागतोय, अशी तक्रार असेल तर एक तुकडा तोडून ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीनचं, म्हणजे कच्च्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या रसायनाचं, द्रावण शिंपडा. रंग आला नाही तर चुना घट्ट होऊन चुकलाय, म्हणजे दोष वाळूत किंवा प्रमाणात आहे, आणि तो गिलावा काढावा लागेल. पृष्ठभागापर्यंत गडद गुलाबी झाला तर चुना अजून कच्चा आहे, तो घट्ट होण्याआधीच वाळला. घट्ट व्हायला हवेइतकंच पाणीही लागतं. अशा भिंतीवर काही आठवडे रोज पाण्याचा बारीक फवारा मारा, ऊन अडवा आणि नंतर पुन्हा तपासा. गुलाबी रंग कडेपासून आत सरकत गेलेला दिसला तर तोडायची गरज नाही.